बिनलायसन्स मणका मोडणाऱ्यावर कोर्टाचा मनाई हुकूम कसा आणायचा (नाशिककरांसाठी)

रील्स बघून हल्ली ज्याला त्याला मान कडकड मोडून घ्यायचीये, आणि मोडणारा कोण कुठला हे कुणी विचारतच नाही. तुमच्या सोसायटीत किंवा गल्लीत असा कुणी बसला असेल तर काय करायचं ते सांगतो.

वकिलाकडे जायच्या आधी रजिस्टर बघा. अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला (म्हणजे हाताने मणके-सांधे बसवणाऱ्याला) प्रत्येक राज्यात लायसन्स लागतं, आणि बिनलायसन्सचा सापडला की बऱ्याच राज्यांत लायसन्स देणारं बोर्डच कोर्टात जाऊन इंजंक्शन, म्हणजे मनाई हुकूम, मागतं. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकची वेगळी कौन्सिलच नाही, त्यामुळे बघायचं हे की माणसाचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेद-होमिओपॅथीची कौन्सिल किंवा फिजिओथेरपीची कौन्सिल यातल्या कुठल्या तरी यादीत आहे का. भिंतीवरच्या फ्रेममधल्या सर्टिफिकेटला काही अर्थ नसतो, रजिस्ट्रेशन नंबर मागा.

नाव कुठेच नसेल तर आधी तक्रार. शहरात असाल तर महापालिकेच्या वैद्यकीय विभागात, सिन्नर-निफाडकडे असाल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, लेखी द्या आणि पोच घ्या, पोच नसेल तर तक्रार दिलीच नाही असं समजा. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याचं कलम ३३ (रजिस्ट्रेशन नसताना प्रॅक्टिस) लागलं तर पहिल्याच गुन्ह्याला किमान २ वर्षं कैद आहे, म्हणजे धाक मोठा आहे.

आता तुम्ही म्हणाल मग डायरेक्ट स्टेच आणू ना. इथेच लोक फसतात, कारण स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम ४१ म्हणतं की दुसरा तितकाच चांगला उपाय असेल तर मनाई हुकूम देता येत नाही, आणि समोरचा वकील पहिल्या तारखेला हाच मुद्दा काढणार. म्हणून ती पोच सांभाळा, तक्रार करूनही काही झालं नाही हे त्यावरून दाखवता येतं. शिवाय एकट्याने दावा टाकला की तुमचं स्वतःचं काय नुकसान झालं ते विचारतात, दोघं किंवा जास्त जण असाल तर सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ९१ खाली कोर्टाची परवानगी घेऊन सार्वजनिक उपद्रव म्हणून जाता येतं, तिथे स्वतःचं नुकसान दाखवावं लागत नाही. सीबीएसजवळच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, नंबर १५१००.

दाव्यासोबत त्याच सिव्हिल प्रोसिजर कोडच्या ऑर्डर ३९ खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज लागतो. पाटीचा फोटो, पावत्या, त्याच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट, दुखापत झाली असेल तर एमआरआय सगळं लावा, आणि मोबाईलमधल्या पुराव्याला नवीन साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडायला विसरू नका, नाहीतर सगळे स्क्रीनशॉट वाया. हुकूम मिळाल्यावरही दुकान चालूच राहिलं तर ऑर्डर ३९ च्याच रूल २अ खाली अर्ज करा, मालमत्ता जप्ती आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

एक मात्र करू नका, गुगल रिव्ह्यूवर शिव्या. तो उलट तुमच्यावरच बदनामीचा दावा टाकून गुपचूप स्टे आणायला बघेल. त्याची धास्ती असेल तर सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट टाकून ठेवा, म्हणजे तुम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही, फक्त ते ९० दिवसच चालतं, नंतर परत टाकावं लागतं.