अतिदक्षता खाटांची प्रादेशिक विषमता कशी मोजावी

एखाद्या प्रदेशात अतिदक्षता विभागाच्या खाटा किती आहेत, हे बहुधा लगेच सांगता येते. त्या कोणाच्या वाट्याला येतात, हे मात्र शोधावे लागते. त्याची एक पद्धत येथे मांडली आहे. साधी स्प्रेडशीट आणि जिल्हानिहाय आकडे हाताशी असतील तर आरोग्य कर्मचारी, पत्रकार किंवा कार्यकर्ते यांपैकी कोणालाही ती वापरता येईल.

सुरुवात खाट म्हणजे काय, हे ठरवण्यापासून करावी. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी सुचवलेल्या पद्धतीने शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने, हाताने पिशवी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्या शहरात पहिल्या अतिदक्षता विभागांपैकी एक सुरू केला. अतिदक्षतेचे मूळ यंत्रात नसून खाटेशेजारी सतत उभ्या असलेल्या माणसात आहे. म्हणून रुग्णालयाच्या कागदावरील खाटा नव्हे, तर परिचारिका, डॉक्टर, प्राणवायू आणि चालू व्हेंटिलेटर यांसह प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या खाटाच मोजाव्यात. एका खाटेजवळ दिवसरात्र एक परिचारिका ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. प्रत्येकीचे काम ४० तासांचे धरले, तर रजा न मोजताही चारपेक्षा जास्त परिचारिका लागतात. दोन खाटांना एक परिचारिका असे प्रमाण धरले तर ही गरज निम्मी होते, पण शून्य कधीच होत नाही. मनुष्यबळाची चौकशी न करता केलेली मोजणी दुर्गम भागांना कागदावर समृद्ध दाखवते, आणि हा त्या भागांवरचा दुसरा अन्याय ठरतो.

यानंतर दर लाख लोकसंख्येमागे खाटा काढाव्यात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय पाहणीत हे प्रमाण जर्मनीत २९.२, तर पोर्तुगालमध्ये ४.२ आढळले होते. अशा तुलनेत व्याख्येतील फरकही मिसळलेला असतो, म्हणून आपली व्याख्या सर्व जिल्ह्यांना एकसारखी लावावी. जिथे वृद्धांचे प्रमाण जास्त आहे तिथे गरजही जास्त असते. वयोगटांचे आकडे मिळाले तर तेवढी दुरुस्ती अवश्य करावी.

विषमता एका आकड्यात सांगण्यासाठी जिनी गुणांक उपयोगी पडतो. समजा, चार जिल्ह्यांत प्रत्येकी १० लाख लोक राहतात आणि खाटा अनुक्रमे १०, २०, ३० व १४० आहेत. सरासरी लाखामागे ५ खाटा येते आणि ऐकायला ती समाधानकारक वाटू शकते. आता सर्वांत कमी खाटांच्या जिल्ह्यापासून बेरीज करत गेल्यास खाटांचा संचित वाटा ५, १५, ३० व १०० टक्के होतो. आडव्या अक्षावर लोकसंख्येचा संचित वाटा (२५, ५०, ७५ व १०० टक्के) आणि उभ्या अक्षावर खाटांचा वाटा घेऊन, शून्यापासून या बिंदूंना जोडणारी रेषा म्हणजे लॉरेन्झ वक्र. तिच्याखालचे क्षेत्रफळ ०.२५ भरते, त्याची दुप्पट १ मधून वजा केली की गुणांक ०.५० मिळतो. शून्य म्हणजे पूर्ण समानता आणि १ च्या जवळ म्हणजे टोकाची विषमता, त्यामुळे ०.५० ही तीव्र विषमता आहे. मात्र जिल्ह्यांऐवजी तालुके घेतले तर हाच आकडा बदलतो, म्हणून कोणते एकक घेतले ते दर वेळी नोंदवावे.

जिल्ह्याची सीमा रुग्णवाहिकेला अडवत नाही, आणि जिल्ह्यात खाट आहे म्हणून ती वेळेत गाठता येते असेही नाही. त्यामुळे माझ्या मते पुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रथम प्रत्येक रुग्णालयाभोवती, समजा, एका तासाच्या प्रवासाचे क्षेत्र आखावे आणि त्यातील लोकसंख्येने खाटांना भागावे. क्ष रुग्णालयात ३० खाटा व परिघात ६ लाख लोक असतील तर लाखामागे ५ खाटा. य रुग्णालयात ८ खाटा व ४ लाख लोक असतील तर २. मग प्रत्येक गावाला एका तासात जी रुग्णालये गाठता येतात, त्यांच्या प्रमाणांची बेरीज करावी. दोन्ही गाठता येणाऱ्या गावाला ७ मिळतात, फक्त य गाठणाऱ्याला २, आणि कोणतेच न गाठणाऱ्याला शून्य. प्रवासाचा वेळ सरळ रेषेतल्या अंतरावरून न काढता प्रत्यक्ष रस्त्यांवरून काढावा. घाट, नदी आणि पावसाळ्यात बंद पडणारा पूल यांचा हिशेब त्यातच येतो. रुग्णवाहिका बोलावल्यापासून दारात येईपर्यंतचा वेळही त्यात मिळवावा.

निष्कर्ष काढताना एक गोष्ट सहज निसटते. दर लाखामागे खाटा समान असल्या तरी लहान विभागाची स्थिती मोठ्यासारखी नसते. गंभीर रुग्ण ठरवून येत नाहीत. एका वेळी सरासरी ४ खाटांची गरज असेल तर यदृच्छेने होणारा चढउतार साधारण २ खाटांचा, म्हणजे निम्मा असतो. गरज ४० खाटांची असेल तर तो सुमारे ६ खाटांचा, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा असतो. त्यामुळे लहान केंद्रात काही खाटा रिकाम्या राखणे ही उधळपट्टी नसून आवश्यकता आहे, आणि केवळ खाटा रिकाम्या दिसतात म्हणून ते केंद्र बंद करण्याची शिफारस करू नये.

अहवालात सरासरी आणि गुणांक यांच्याआधी शून्य आलेल्या गावांची यादी, त्यांची लोकसंख्या आणि तिथून सर्वांत जवळच्या चालू खाटेपर्यंत लागणारा वेळ द्यावा.