डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे दात आणि हिरड्या कशा सांभाळाव्यात

डाउन सिंड्रोम (जादा गुणसूत्रामुळे जन्मतःच असणारी स्थिती) असलेल्या मुलाचा एकही दात किडलेला नाही, हे पाहून पालक निर्धास्त होतात आणि नेमकी तिथेच फसगत होते. या मुलांमध्ये कीड पुष्कळदा कमीच आढळते. परंतु जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या पडत असल्यामुळे हिरड्यांचा विकार कोवळ्या वयात सुरू होतो, आणि दातांची मुळे आखूड असल्याने न किडलेले दातही, विशेषतः खालचे पुढचे, हलू लागतात. म्हणून ब्रश मुख्यतः हिरडीच्या कडेसाठी आहे, असेच समजावे.

दात उशिरा येतात. पहिला दात दिसायला दीड-दोन वर्षे लागली, तरी घाबरून जाऊ नये. तो दिसताच मात्र ब्रश सुरू करावा. बाळाचे डोके आपल्या मांडीवर घेऊन, मऊ ब्रश दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तिरका टेकवून हळुवारपणे लहान लहान गोल फिरवावा. फ्लोराइडची पेस्ट 3 वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी पुरते. रक्त आले तर पालक ब्रश थांबवतात. खरे तर तिथे साचलेल्या थरामुळेच बहुधा रक्त येते, त्यामुळे ती जागा अधिक काळजीने स्वच्छ करावी आणि दंतवैद्यांना दाखवावी.

मोठ्या मुलाला ब्रशची मूठ पकडता येत नसेल, तर तिच्यावर कापड गुंडाळून ती जाड करावी. त्याला स्वतः घासू द्यावे, कारण तो त्याचा हक्क आहे; मात्र रात्री शेवटचा हात मोठ्या माणसाने फिरवावा.

पहिला वाढदिवस होण्याच्या सुमारास दंतवैद्यांची भेट घ्यावी आणि पुढे दर 3 ते 6 महिन्यांनी जावे. सुरुवातीच्या भेटींत नुसते खुर्चीवर बसून दात मोजून घेतले, तरी पुरे. यांतील जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. हिरड्यांतले जंतू रक्तात शिरून अशा हृदयाला संसर्ग करू शकतात, म्हणून हिरड्यांवरील उपचारांपूर्वी प्रतिजैविक द्यावे लागेल का, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठेवावे. मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. त्यामुळे खुर्चीवर मान मागे ताणली जाऊ नये, हे दंतवैद्यांना आधीच सांगावे.

चाळिशीनंतर काहींना स्मृतिभ्रंश होतो आणि वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेले दात घासणेही विसरले जाते. त्या वेळी ब्रश पुन्हा घरच्यांनी हाती घ्यावा.