लॅमिनेटेड धनुष्याचं जुनं पॉलिश काढताना

आधी दोरी उतरवा आणि उजेडात लाकडाचे व फायबरग्लासचे थर कडेने नीट पाहा. कुठे फट दिसली किंवा थर सुटलेला वाटला तर पॉलिशचा विचारच सोडा; असं धनुष्य ओढताना तुटू शकतं.

पेंट रिमूव्हर आणि हीट गन मात्र कृपा करून वापरू नका. काम झटपट होतं खरं, पण थर धरून ठेवणारा गोंद त्याने कमकुवत होऊ शकतो आणि ते नुकसान वरून दिसत नाही. हातानेच घासा: २२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग ३२०, शेवटी ४००. मुठीच्या लाकडावर थोडं जास्त घासलं तरी चालेल. पात्यांवर, म्हणजे मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागांवर, फक्त जुनं पॉलिश निघेपर्यंतच. फायबरग्लासमधले काचतंतू उघडे पडले की पातं कमजोर होतं, आणि एकच बाजू जास्त घासली गेली तर दोन्ही पात्यांचा तोल बिघडतो. ही धूळ फुफ्फुसांना वाईट, म्हणून चांगला मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसत राहा.

मग पॉलीयुरेथेन वॉर्निशचे तीन-चार पातळ हात द्या, मध्ये हलकं घासून. पूर्ण कडक होईपर्यंत, डब्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत, दोरी चढवू नका.