घरातला मॉन्स्टेरा: या चुका टाळा

मॉन्स्टेरा या मोठ्या, चिरा आणि छिद्रे असलेल्या पानांच्या शोभेच्या वेलीचे खालचे पान पिवळे पडले की बहुतेक घरांत पहिला उपाय म्हणून पाणी घातले जाते, दुसरे पान पिवळे पडले की आणखी पाणी घातले जाते, आणि तिसऱ्या पानापर्यंत कुंडीतली मुळे कुजू लागलेली असतात. रोपवाटिकेतून आणलेली ही धष्टपुष्ट रोपे घरात तहानेने क्वचितच मरतात. कमी उजेड आणि जास्त पाणी ही जोडी त्यांचा घात करते; त्यातही उजेडाकडे आपले लक्ष फारच कमी असते, म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी.

उजेडाचा चुकलेला अंदाज

मॉन्स्टेरा डेलिसिओसा ही मूळची दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील पावसाळी जंगलांतली वेल असून ती अळू आणि सुरण यांच्या कुळात मोडते. ती जंगलात जमिनीलगतच्या सावलीत रुजते हे खरे, पण तिथेच थांबत नाही. जवळच्या झाडाचे खोड गाठून ती उजेडाकडे चढत जाते. मॉन्स्टेरा प्रजातीतील एका जातीचे कोवळे अंकुर आधी अंधाराच्या, म्हणजे जाड खोडाच्या, दिशेने वाढतात आणि खोड सापडल्यावर वर वळतात, असे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले होते. तेव्हा सावली ही या वेलीची केवळ सुरुवात आहे. ‘इनडोअर’ म्हणून विकले जाणारे रोप सोफ्यामागच्या कोपऱ्यात ठेवले की ते लगेच मरत नाही, आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. देठ लांबत जातात, पाने लहान आणि अखंड निघतात, सगळे रोप खिडकीच्या बाजूला कलते.

पानांना चिरा का पडत नाहीत, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथेच असते. लहान वयाच्या रोपाची पाने अखंड असणे स्वाभाविक आहे, त्याला इलाज नाही. मोठे रोपही अखंड पाने काढत असेल तर उजेड कमी पडतो आहे असे समजावे. चिरा आणि छिद्रे पान गुंडाळलेले असतानाच तयार होतात. एकदा उलगडलेले पान नंतर फाटून ‘मॉन्स्टेरासारखे’ होत नाही, त्यामुळे जुन्या पानांकडे पाहत बसण्यात अर्थ नसतो.

माणसाचा डोळा मंद उजेडाशी चटकन जुळवून घेतो, त्यामुळे खिडकीपासून आठ-दहा फुटांवरची जागा आपल्याला लख्ख वाटते. खात्री करायची असेल तर दुपारी बाराच्या सुमारास रोपाच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर हाताची सावली पाडून पाहावी. कडा अंधुक असल्या तरी हाताचा आकार ओळखू येत असेल तर जागा चालण्यासारखी आहे. सावलीच पडत नसेल तर रोप खिडकीकडे सरकवावे. डासांची जाळी, रंगीत सरकती काच आणि समोरची इमारत या तिन्ही गोष्टी उजेड खातात, हेही हिशेबात धरावे.

खिडकीच्या दिशेबाबत एक गोंधळ आवर्जून सांगण्यासारखा आहे. इंटरनेटवरचा पुष्कळसा सल्ला युरोप-अमेरिकेतील घरांना धरून दिलेला असतो आणि तिथे दक्षिणेची खिडकी सर्वांत उजेडाची मानली जाते. महाराष्ट्रात मे ते जुलै या काळात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, काही दिवस तर किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा ऊन फारसे आत येत नाही. ते येते ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. आपल्याकडे वर्षभर सर्वांत निर्धोक म्हणजे पूर्वेची खिडकी, जिथे सकाळचे कोवळे ऊन तासभर पडले तरी बिघडत नाही. पश्चिमेची खिडकी मात्र मार्च ते मे या महिन्यांत पाने भाजून काढते, आणि मग काचेकडच्या पानांवर कागदासारखे कोरडे, फिकट तपकिरी चट्टे दिसतात. तिथे पातळ पडदा लावावा किंवा रोप तीन-चार फूट आत घ्यावे. अंधाऱ्या कोपऱ्यातून काढलेले रोप एका दिवसात थेट उन्हात नेणे ही त्याच्या उलट टोकाची चूक. ही बदली दोन आठवड्यांत हळूहळू करावी.

वार ठरवून पाणी

दर रविवारी पाणी, किंवा रोज सकाळी अर्धा पेला, हे वेळापत्रक माणसाच्या सोयीचे आहे. रोप किती पाणी पिईल हे त्याला मिळणारा उजेड, खोलीतली हवा आणि कुंडीचे आकारमान यांवर अवलंबून असते. एकच कुंडी विदर्भातल्या एप्रिलमध्ये चार दिवसांत सुकेल आणि कोकणातल्या जुलैमध्ये पंधरा दिवस ओली राहील. म्हणून बोट कुंडीतल्या मातीत दोन पेरे खोल घालून पाहावे, किंवा बांबूची काडी तळापर्यंत खुपसून काही मिनिटांनी बाहेर काढावी. ओली माती चिकटून आली तर थांबावे. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय याहूनही चांगली, पण ती लागायला थोडा काळ जातो.

वरचा दोन इंचांचा थर सुकल्यावर मात्र पाणी हात राखून घालू नये. तळाच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत घालावे आणि बशीत उतरलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. हे रोपासाठी तर आहेच, पण बशीतल्या साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डासही अंडी घालतो. रोज थोडे-थोडे पाणी घातल्याने वरचा थर कायम ओला राहतो, त्यावर चिलटे होतात आणि खालची मुळे कोरडी राहू शकतात.

लक्षणे वाचताना पान आणि माती दोन्ही एकत्र पाहावीत. पाने मलूल आणि माती कोरडी असेल तर पाणी घातल्यावर रोप एक-दोन दिवसांत सावरते. पाने मलूल आणि माती ओली असेल तर मुळे कुजलेली असण्याची शक्यता मोठी आहे; कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत म्हणून रोप ओल्या मातीतही तहानलेले दिसते आणि मालक आणखी पाणी घालतो. अशा वेळी रोप कुंडीतून काढून मुळे धुवावीत. पांढरट, टणक मुळे ठेवावीत. तपकिरी, मऊ, दुर्गंधी येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत आणि उरलेल्या मुळांना बेताची पुरेल अशा लहान कुंडीत, कोरडसर मोकळ्या मिश्रणात रोप लावावे. नवे पान फुटेपर्यंत खत देऊ नये. वर्षभरात सर्वांत खालचे एखादे जुने पान पिवळे पडून गळणे, किंवा सकाळी पानांच्या टोकांवर पाण्याचे थेंब दिसणे, याला आजार समजू नये.

कुंडी आणि माती

बागेतली काळी माती घरातल्या कुंडीत भरणे म्हणजे मुळांचा श्वास बंद करणे होय. नुसते कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हेही फसवे असते, कारण ते वरून सुकलेले दिसते आणि आत ओल धरून ठेवते. कोकोपीट, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि परलाइट (खडकापासून बनवलेले हलके पांढरे दाणे) किंवा विटांची बारीक खडी साधारण समप्रमाणात घेऊन त्यात मूठ-दोन मूठ गांडूळखत मिसळले तर मिश्रण मोकळे राहते. तळाशी दगडगोट्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो हा समज जुना आहे, पण तो बरोबर नाही; ओला भाग तेवढाच राहून उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर खापराचा एक तुकडा ठेवणे पुरे. ‘लवकर वाढेल’ म्हणून एकदम दुप्पट आकाराची कुंडी घेऊ नये, आधीच्या कुंडीपेक्षा दोन इंच मोठी घ्यावी.

चहाचा चोथा हे स्वयंपाकघरातले लाडके खत दूध-साखरेसकट कुंडीत टाकले की आधी मुंग्या येतात आणि मग बुरशी.

पाने, मुळे आणि कीड

खोडातून बाहेर आलेली दोरीसारखी हवाई मुळे कुरूप दिसतात म्हणून कापू नयेत. त्यांच्या आधारेच ही वेल चढते. ती मुळे ज्या बाजूला फुटतात त्या बाजूला काथ्या गुंडाळलेली काठी रोवून खोड सैल बांधावे. देठ बांधू नयेत. पानांना दूध किंवा खोबरेल तेल लावून चकाकी आणण्याचा प्रकारही थांबवावा, कारण त्यावर धूळ चिकटते आणि उजेड अडतो. ओल्या मऊ फडक्याने दोन्ही बाजू पुसणे पुरेसे असते. पाण्याच्या फवाऱ्याने हवेतली आर्द्रता काही मिनिटेच वाढते आणि पाने रात्रभर ओली राहिली तर डाग मात्र पडतात.

पुसताना पानाची मागची बाजू पाहिली तर कीडही वेळेत सापडते. चंदेरी ओरखडे आणि त्यांत काळे ठिपके दिसले तर ते फुलकिडे, कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. रोप वेगळे ठेवून पाने धुवावीत, मग लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. एकदाच फवारून सोडून देणे ही इथली नेहमीची चूक आहे. अंड्यांतून निघणारी पुढची पिढी उरते, म्हणून दर आठवड्याला निदान तीन-चार वेळा फवारणी करावी.

छाटणी करताना हातमोजे घालावेत. अळूला खाज ज्यामुळे असते तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक या वेलीतही असतात, म्हणून रांगते मूल किंवा पान चावणारे मांजर घरात असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. छाटलेल्या फांदीपासून नवे रोप करायचे असेल तर तुकड्यावर निदान एक पेर, म्हणजे खोडावरची पान फुटते ती गाठ, असलेच पाहिजे. मैत्रिणीने प्रेमाने दिलेले नुसते देठासह पान बाटलीत महिनोन्महिने हिरवेगार राहील, पण पेराशिवाय त्याला नवा कोंब कधीच फुटणार नाही.