मायोर्कातला वारसा-करार: सही करण्याआधी या चुका टाळा

स्पेनच्या मायोर्का बेटावर असा करार करता येतो: वडील हयात असताना मुलाने घर किंवा पैसे घ्यायचे आणि पुढच्या वारशावरचा हक्क तिथेच सोडायचा. आपल्याकडे हे कायद्यात बसत नाही. भविष्यात मिळू शकणारा वारसा ही नुसती आशा असते आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 6 नुसार तिचं हस्तांतरण होत नाही. स्पेनचा सर्वसाधारण दिवाणी कायदाही भावी वारशावरचे करार मानत नाही. मायोर्का ज्यांत येतं त्या बॅलेआरिक बेटांवर मात्र ही रीत जुनी आहे. 11 नोव्हेंबर 2022 च्या कायद्याने तिची नव्याने मांडणी केली.

मायोर्कात या कराराला 'देफिनिसिओन' म्हणतात. त्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हक्क किती सोडला ते स्पष्ट न लिहिणं. तिथे मुलांसाठी 'लेखितिमा' हा राखीव वाटा असतो. चारपर्यंत मुलं असतील तर मालमत्तेचा एक तृतीयांश, त्याहून जास्त असतील तर निम्मा. (गोव्याच्या वाचकांना ही कल्पना नवी नाही, तिथेही निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते.) व्याप्ती लिहिली नसेल, तर मुलाने फक्त हा राखीव वाटा सोडला असं धरलं जातं. मग मृत्युपत्र न करता वडील गेले की घर घेऊन बसलेला थोरला भावंडांच्या बरोबरीने पुन्हा वारस म्हणून उभा राहू शकतो. वडिलांच्या मनात 'थोरल्याचं झालं, उरलेलं धाकट्यांचं' असेल, तर दस्तात तेच शब्द हवेत, आणि जोडीला मृत्युपत्रही हवं. उलट बाजूही लक्षात घ्या. सही केल्यावर वडिलांची संपत्ती वाढली, म्हणून मुलाला वाढीव मागता येत नाही.

घरातल्या घरात कागद करून सह्या घेणं हीसुद्धा चूकच. नोटरीसमोरचा सार्वजनिक दस्त नसेल तर करार रद्दबातल.

सगळ्या बेटांना एकच नियम लावू नका. इबिसा आणि फोरमेन्तेरा इथे राखीव वाटा चुकता करण्याच्या कराराला 'फिनिकितो' म्हणतात, आणि त्यांची तरतूद कायद्यात वेगळी आहे.

पत्ता बदलला म्हणजे हक्क आला असंही नाही. स्पॅनिश नागरिकाला त्या बेटांची 'बेसिनदाद सिव्हिल', म्हणजे तिथल्या दिवाणी कायद्याशी असलेलं नातं लागतं. ते दोन वर्षं राहून तशी नोंद केल्यावर किंवा दहा वर्षांच्या वास्तव्याने मिळतं. परदेशी नागरिकांना ते लागूच नसल्याने त्यांना हा करार करता येतो का, हा प्रश्न कोर्टात गेला होता. मे 2021 मध्ये बेटांच्या उच्च न्यायालयाने तिथे राहणाऱ्या परदेशी व्यक्तीच्या बाजूने कौल दिला. तरीही तुम्ही भारतीय पासपोर्टवर असाल, तर नोटरीकडून आधी लेखी खात्री करून घ्या.

आता कर. समजा, आईने 60,000 युरोंना घेतलेलं घर आज 4,00,000 चं आहे आणि मुलीने ते करारातून घेतलं. जुलै 2021 पासूनच्या नियमानुसार, आई हयात असताना मुलीने करारानंतर 5 वर्षांच्या आत ते विकलं, तर नफा आईच्या 60,000 वरून मोजला जातो. त्या 3,40,000 वर प्राप्तिकर लागतो. 'आता घेते, दोन वर्षांनी विकते' असा बेत असेल, तर सहीच्या आधी करसल्लागाराकडे जा.