ॲव्होकॅडो झाडावरून कधी आणि कसा उतरवावा

ठाण्यात किंवा नेरूळच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात ॲव्होकॅडो लावणाऱ्यांची पहिली चूक ठरलेली असते: आंब्याला पाड लागतो तसा याला लागेल म्हणून वाट पाहत बसणे. हे फळ झाडावर फक्त जून होते. पिकते ते उतरवल्यावरच. हास या जातीची साल पुढे काळपट पडते, परंतु अनेक जाती पिकल्यावरही हिरव्याच राहतात, त्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये.

सर्वांत मोठे एक फळ काढून घरात ठेवावे. साधारण आठवडाभरात ते देठाजवळ अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबले, साल सुरकुतली नाही आणि कापल्यावर बीवरचे पातळ आवरण तपकिरी, कागदासारखे निघाले, तर बाकीची फळे तयार आहेत. ते फिकट, जाडसर असल्यास दोन-तीन आठवडे थांबावे.

फळ ओढू नये, कारण देठ उपटलेल्या जागेतून कूज शिरते आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ती झपाट्याने पसरते. उघडीप पाहून, कात्रीने अर्धा सेंटिमीटर देठ राखून कापावे. उंचावरच्या फळांसाठी आंब्याचा झेला चालतो. केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवल्यास फळ लवकर पिकते. फ्रिजमध्ये मात्र पिकल्यानंतरच ठेवावे.