नदीकाठचं उद्यान सांभाळताय? मग या चुका टाळा

नदीकाठच्या उद्यानासाठी माणसं जमवणं फारसं अवघड नसतं. रविवार ठरतो, हातमोजे वाटले जातात, दुपारपर्यंत कचऱ्याच्या पोत्यांचा ढीग लागतो, फोटो निघतात. महिन्याभराने काठ पुन्हा होता तसाच दिसला की मात्र लोक खचतात. मेहनत कमी पडली असं यात क्वचितच असतं. बहुतेक वेळा काठाला साधी बाग समजून काम झालेलं असतं. बागेत पाणी आपण घालतो. इथे ते आपणहून येतं, कधी छातीएवढं येतं, आणि येताना वरच्या अंगाचं सगळं घेऊन येतं.

गवत थेट पाण्यापर्यंत कापणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि सुटायला सगळ्यात सोपीही हीच. वारंवार कापलेल्या हिरवळीची मुळं उथळ राहतात, त्यांना काठाची माती धरवत नाही. शिवाय हिरवळीवर टाकलेलं खत पहिल्या जोरदार पावसात नदीत उतरतं आणि शेवाळाचं फावतं. पाण्यालगत पाच-दहा मीटरचा पट्टा वाढू द्या. जागाच नसेल तर दोन-तीन मीटर तरी. लगेच तक्रार येईल, ‘उद्यानाकडे कुणाचं लक्ष नाही.’ त्यावर साधा उपाय आहे. पायवाटेच्या कडेची हातभर पट्टी नेटकी कापत राहा आणि एक छोटी पाटी लावा. कडा नीट दिसली की आतलं रान मुद्दाम ठेवलंय हे लोकांना कळतं. पाण्यापर्यंत जायला दोन-तीन वाटाही मोकळ्या ठेवा, नाहीतर लोक हव्या तिथून आपली वाट पाडतील आणि काठ तिथूनच ढासळायला लागेल.

काठ आधीच ढासळत असेल तर पहिली मागणी होते ती भिंतीची. जरा थांबा. गुळगुळीत भिंतीलगत पाण्याचा वेग वाढतो आणि भिंत संपते तिथला काठ ते कापत सुटतं. दुखणं जातं खालच्या अंगाच्या शेजाऱ्याकडे. म्युनिकमध्ये 2000 ते 2011 या काळात इझार नदीच्या सुमारे 8 किलोमीटर पट्ट्यातले बांधीव काठ काढून तिला पसरायला जागा दिली. सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात सरळसोट काँक्रीटचा कालवा मोडून वळणदार नदी केली आणि 2012 मध्ये ते उद्यान नव्या रूपात खुलं झालं. तिथले काठ दगड, वनस्पती आणि त्यांच्या मुळांनी बांधलेत; पाणी चढू लागलं की इशारा देणारी यंत्रणाही आहे. एवढं काम अभियंत्यांचं, हे खरं. पण लव्हाळं, वाळा, वाळुंज अशी स्थानिक, घट्ट मुळांची झाडं लावणं कोणत्याही गटाला जमतं.

रोपं मरतात, ती का?

दोष पाण्याला किंवा गुरांना देण्याआधी मेलेल्या रोपाजवळ बसून बोटाने माती उकरा. खोड खाली जिथे रुंदावून मुळांत जातं, तो भाग जमिनीच्या पातळीला उघडा दिसायला हवा. तो चार बोटं खाली सापडला, तर रोप खोल पुरलं गेलंय. तसंच पालापाचोळ्याचं. आच्छादन चांगलंच, पण ते खोडाला चिकटून ढिगासारखं रचलं की साल सतत ओली राहते आणि कुजते. थर दोन-तीन इंचांचा, खोडापासून वीतभर दूर.

नदीकाठी आणखी एक खास भानगड असते. तारेच्या जाळीच्या कुंपणात पुराचा कचरा अडकतो, त्यावर पाण्याचा रेटा बसतो आणि कुंपणासकट रोप आडवं होतं. पूर येणाऱ्या पट्ट्यात जाळीपेक्षा दोन-तीन साधे बांबू बरे. पाणी ओसरलं की लगेच आडवी रोपं सरळ करा, आणि पायवाटेवरचा गाळ ओला असतानाच काढा. वाळल्यावर त्याला कुदळ लागते. आधाराची सुतळी किंवा पट्टी वर्षभरात सोडायचीच, नाहीतर ती खोडात रुतते.

रोपांच्या संख्येबद्दल स्पष्टच सांगतो: पाचशे रोपांचा सोहळा करण्यापेक्षा पन्नास लावा आणि पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या दिवसांत पाणी घाला.

नको ते साफ करणं

प्लास्टिक उचलायचंच. पण पाण्यात पडलेलं प्रत्येक ओंडकं ओढून काढू नका; त्याच्या आडोशाला मासे राहतात. पुलाखाली पाणी तुंबवणारी लाकडं मात्र काढावीत, तीही संबंधित विभागाला सांगून. भरलेली पोती काठावर ठेवून घरी जाणं ही तर हमखास चूक. रात्री पाणी वाढलं की तोच कचरा परत नदीत. गाडी कधी येणार हे ठरल्याशिवाय सफाईची तारीख जाहीर करू नका.

जलपर्णी काढलीत तर पाणी पोचणार नाही इतकी लांब टाका. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे वाळली की ढीग बसतो. पण ती पुन्हा येईल, कारण तिच्या बिया गाळात वर्षानुवर्षं तग धरतात आणि सांडपाणी तिचं पोट भरत राहतं.

वास येतो म्हणून औषध ओतणं

आधी पाइप पाहा. सलग चार-पाच दिवस पाऊस नसताना पावसाळी गटाराच्या तोंडातून पाणी वाहत असेल, तर कुणाचं तरी सांडपाणी चुकून किंवा मुद्दाम त्यात जोडलेलं असण्याची दाट शक्यता. जागा, वेळ, रंग, वास लिहा, फोटो काढा, आणि आठवडाभर वेगवेगळ्या वेळी पुन्हा जा. अशा नोंदींची तक्रार ‘नदी घाण झाली’ या अर्जापेक्षा फार लवकर हलते. पाणी साफ होईल म्हणून जिवाणू मिसळलेले मातीचे गोळे नदीत फेकायचा कार्यक्रम मुलांना आवडतो, हे मान्य. पण वरून नाला रोज ओतत असेल तर गोळे काय करणार?

पाण्याला हात लावणाऱ्यांनी जखमा झाकाव्यात, गमबूट घालावेत. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो. सुया आणि फुटक्या काचा चिमट्यानेच उचला. जोराच्या पावसानंतर पाण्यात उतरूच नका.

माणसांचं गणित

काठावर आधीपासून वावरणारे असतात: गळ टाकून बसणारे, पहाटे चालणारे, बाकावर झोपणारे. त्यांना न विचारता आराखडा केला की बाकं भलत्या जागी पडतात आणि दिवे थेट पाण्यावर येतात. त्या उजेडाने कीटक आणि वटवाघळं बिथरतात ते वेगळंच.

आणि घाई नको. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स नदीतून तिथल्या रहिवाशांनी जुन्या गाड्या आणि टायर बाहेर काढायला 1970 च्या दशकात सुरुवात केली. शहरात जवळपास दोनशे वर्षं न दिसलेला बीव्हर हा नदीत राहणारा प्राणी तिथे 2007 मध्ये दिसला. मधल्या काळात अनेक कार्यकर्ते बदलले असणार. म्हणून परवानगीची पत्रं, रोपांच्या नोंदी आणि अवजारांच्या खोलीची किल्ली एकाच उत्साही माणसाकडे ठेवू नका. काठाची जमीन एका खात्याची, पाणी दुसऱ्याचं, उद्यान तिसऱ्याचं असं बरेचदा असतं. तिघांचीही लेखी परवानगी हातात असल्याशिवाय एकही खड्डा खणू नका.